वाद्य, स्थळनाम आणि स्मृती : अमान्सिओ डिसिल्वा यांच्या रचनांची नावे

वाद्यवादकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक अडचण आरंभीच जाणवते. कवी आपल्यामागे शब्द ठेवून जातो. गायकही त्याने गायिलेल्या पदांच्या आधाराने लोकांच्या स्मरणात राहतो. परंतु निव्वळ वाद्य वाजविणाऱ्याच्या मागे शब्द असे जवळजवळ काहीच उरत नाहीत. ध्वनिमुद्रणे झाली असतील तर ती उरतात, आणि त्या ध्वनिमुद्रणांतील रचनांना दिलेली नावे उरतात. ही नावे हाच वादकाने स्वतः मागे ठेवलेला शब्दरूप पुरावा होय. प्रस्तुत लेखात अशाच एका वादकाच्या रचनानामांचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. हे वादक म्हणजे १९३६ साली मुंबईत गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले आणि १९९६ साली लंडन येथे निवर्तलेले जॅझ गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा.

हा विषय सुचला तो मात्र जव्हार व मोखाडे या तालुक्यांतील बोलींचा विचार करीत असताना, आणि त्यातही वावर या गावाच्या संदर्भात. म्हणून थोडे तेथूनच आरंभ करणे इष्ट ठरेल. ‘वावर’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. एक अर्थ शेत असा, तर दुसरा हिंडणेफिरणे, असणे असा. ग्रामनामाची व्युत्पत्ती यांपैकी कोणत्या अर्थाशी जोडावयाची हा स्वतंत्र प्रश्न आहे. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाल्यावर हा भाग ठाणे जिल्ह्यात आला आणि २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. वावर आणि शेजारचे वांगणी या गावांची नावे महाराष्ट्रभर प्रथम पोहोचली ती १९९२-९३ च्या सुमारास कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंच्या वार्तांमधून. एखाद्या गावाचे नाव केवळ मृत्यूच्या नोंदीमुळे इतिहासात यावे आणि तेथील वाद्य, गाणे, बोली यांची मात्र वेळच्या वेळी नोंद होऊ नये, ही गोष्ट अभ्यासकास बोचल्यावाचून राहत नाही.

या डोंगराळ मुलखात वारली, कातकरी, ठाकूर यांच्याबरोबर ‘कोकणा’ या नावाची आदिवासी जमात राहते. कोकणांची वस्ती येथून नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा भागात आणि पुढे गुजरातेतील डांगपर्यंत पसरलेली आहे. आपण मूळचे कोकणातील, अशी त्यांच्यात परंपरा आहे आणि जमातीचे नावही तेच सुचविते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे लोक आपल्या नावात कोकण वागवितात. त्याच किनाऱ्याच्या दक्षिण भागात, गोव्यात, तेथील भाषेने हेच नाव कोंकणी या रूपाने धारण केले आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात गोव्याची कोंकणी आणि उत्तर कोकणातील वारली या दोहोंचा समावेश एकाच ग्रंथात झालेला आहे. कोंकणीला मराठीची बोली मानण्याचे ते वर्गीकरण आज मान्य होणारे नाही. १९९२ साली कोंकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. परंतु ‘कोकण’ हे नाव धारण करणारी माणसे किती दूरवर विखुरली आहेत, याची जाणीव तो खंड चाळताना होते. डिसिल्वा यांनी लंडनमध्ये एका रचनेस ‘कोंकण डान्स’, म्हणजे कोकणचे नृत्य, असे नाव दिले. नामाच्या या दीर्घ प्रवासातील तो एक मुक्काम समजावा.

आता डिसिल्वा ज्या परंपरेत वाढले तिचे थोडक्यात दिग्दर्शन करू. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडून असलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हे शिक्षण मुळात उपासनेच्या सोयीसाठी होते. त्यातून स्वरलिपी वाचू शकणाऱ्या वादकांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला, आणि गोव्यात पोटापाण्याची साधने अपुरी असल्याने हा वर्ग मुंबईकडे वळला. धोबीतलाव परिसरात गावोगावच्या गोमंतकीयांनी चालविलेल्या ‘कूड’ नामक निवासांत हे लोक उतरत. मूकपटांच्या काळातील चित्रगृहे, पोलीस व लष्करी बँड, हॉटेलांतील नृत्यसभा आणि पुढे बोलपटांचे वाद्यवृंद, ही त्यांची उपजीविकेची क्षेत्रे होती.

१९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतकाराचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे वादकही येथे वाजवून गेले. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. मिकी कुरैया, फ्रँक फर्नांड, तसेच ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक अँतोनियो झेवियर वाझ, ही त्या पिढीतील ठळक नावे होत. याच वर्गातील सेबास्तियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची जुळणी करण्याचे महत्त्वाचे कार्य केले. चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे व संगीत दिग्दर्शकाचे नाव छापले जाई, गीतकाराचेही छापले जाई. वाजविणाऱ्याचे नाव मात्र सहसा नसे. लक्षावधी लोकांनी ज्यांचे वादन ऐकले, त्यांची नावे त्या लक्षावधींपैकी क्वचितच कोणास ठाऊक होती.

डिसिल्वा यांचा जन्म या वातावरणात झाला. त्यांनी निवडलेले वाद्यही लक्षात घेण्याजोगे आहे. जॅझच्या वाद्यवृंदात गिटारीचे काम दीर्घकाळ ताल धरण्याचे होते. तिचा आवाज ट्रंपेट, सॅक्सोफोन यांच्यापुढे टिकत नसे. युरोपात जँगो राइनहार्ट यांनी तंतुवाद्यांच्याच मेळात गिटारीस अग्रस्थान दिले. अमेरिकेत चार्ली ख्रिश्चन यांनी १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या वृंदात विद्युत् गिटारीवर स्वतंत्र आलापीसारखे वादन करून दाखविले, आणि १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे वेस माँटगोमेरी यांनी नखीऐवजी अंगठ्याने तार छेडून या वाद्याला मृदू व भरीव ध्वनी मिळवून दिला. म्हणजे डिसिल्वा यांच्या तारुण्यात गिटार ही जॅझमध्ये नुकतीच बोलू लागलेली होती. तिचे व्याकरण अद्याप घडत होते.

तरुणपणी डिसिल्वा यांनी मुंबईबाहेरही बराच काळ वादन केले. सिमल्यास ते एका उपाहारगृहात वाजवीत. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना गिब्सन कंपनीची गिटार घेऊन दिली असे सांगितले जाते. जॉयस या आयरिश स्त्रीशी त्यांचा विवाह झाला आणि १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेले. तेथे लॅन्सडाउन ध्वनिमुद्रणगृहाचे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी त्यांचे गुण ओळखले.

त्या वेळी लंडनमध्ये भारतीय संगीत व जॅझ यांच्या संयोगाचा एक प्रयोग आधीच सुरू होता. कलकत्त्यात जन्मलेले संगीतरचनाकार जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरिएट यांनी १९६६ च्या सुमारास दुहेरी पंचकाची योजना केली होती. पाच वादक जॅझचे आणि पाच भारतीय संगीताचे, अशी तिची मांडणी होती. मुंबईहून लंडनला गेलेले तबलावादक केशव साठे हेही त्यात होते. या उपक्रमास ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ असे नाव मिळाले. येथे दोन परंपरा समोरासमोर बसत आणि मेयर यांनी लिहिलेल्या संहितेनुसार एकमेकींस उत्तर देत.

डिसिल्वा यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ साली निघाली. तिचे नाव ‘इंटिग्रेशन’, म्हणजे एकात्मीकरण. तीत डॉन रेंडेल सॅक्सोफोनवर, इअन कार ट्रंपेटवर, डेव्ह ग्रीन बासवर आणि ट्रेव्हर टॉमकिन्स ड्रमवर आहेत. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, या संचात सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. भारतीय म्हणता येईल असे एकही वाद्य नसताना भारतीय संगीताचे जे काही त्या मुद्रिकेत आहे, ते एका माणसाच्या हातांत आहे. गिटारीवर पडद्यांनी स्वर बांधलेले असतात. तरीही तार पडद्यावरच आडवी खेचून मींडीसारखा परिणाम साधता येतो, एका तारेचा अखंड नाद खाली ठेवून वरच्या तारांवर स्वरविस्तार करता येतो. डिसिल्वा यांच्या वादनात ही अंगे जॅझच्या लयीशी अशी एकजीव झाली आहेत की कोणता अंश कोठला हे निवडून दाखविणे कठीण जावे.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा भेद उसनवारी आणि द्वैभाषिकता यांमधील आहे. दोन भाषा बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये दुभाषी बसविला असता जो संवाद घडतो तो एक प्रकार. एकच माणूस दोन्ही भाषांत वाढला असता त्याच्या बोलण्यात जे घडते तो निराळा प्रकार. पहिल्या प्रकारात सीमारेषा सतत दिसत राहते. दुसऱ्यात बोलणाऱ्यास तिची जाणीवही नसते, कारण ती रेषा त्याच्या बाहेर नसून त्याच्या घडणीतच विरघळलेली असते. घरात कोंकणी, रस्त्यावर मराठी व हिंदी, चर्चमध्ये लॅटिन आणि नोकरीत इंग्रजी, असा भाषाव्यवहार मुंबईच्या गोमंतकीय वस्तीत त्या काळी सामान्य होता. अशा वस्तीत वाढलेल्या वादकाने ‘फ्यूजन’ हा शब्द न योजता ‘इंटिग्रेशन’ हा योजावा, हे केवळ योगायोगाचे वाटत नाही.

त्याच वर्षी हॅरिएट व डिसिल्वा यांची ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका झाली. नाव सरळ हिंदी आहे. किंग्स्टनचा एक आणि मुंबईचा एक, दोघेही एके काळच्या साम्राज्याच्या दोन टोकांहून त्याच्या राजधानीत आलेले. त्यांनी आपणां दोघांस मिळून हे नाव घेतले आणि त्यासाठी इंग्रजी सोडून हिंदीचा आश्रय केला. या मुद्रिकेत नॉर्मा विन्स्टन यांचा स्वर आहे, पण तो शब्दांवाचून, एखाद्या वाद्यासारखा योजिलेला आहे. म्हणजे जेथे शब्द येणे शक्य होते तेथेही ते टाळलेले आहेत आणि अर्थ सांगण्याचे सारे काम पुन्हा शीर्षकांवर येऊन पडले आहे.

ती शीर्षके आता एकत्र पाहू. ‘इंटिग्रेशन’मध्ये ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’ आणि ‘जॉयस कंट्री’ या रचना आहेत. ‘हम दोनो’मध्ये ‘जयपूर’ पुन्हा येते, शिवाय ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना येते. पुढे १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाने त्यांनी ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही मुद्रिका केली, तीत मेयर व साठे यांची साथ आहे. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणात ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आणि ‘कोंकण डान्स’ या रचना आहेत. या यादीत रागनामे नाहीत. जॅझच्या अमेरिकन परंपरेतील परिचित गीतांची नावेही नाहीत. बहुसंख्य शीर्षके स्थळांची किंवा जवळच्या माणसांची आहेत. ‘जॉयस कंट्री’ हे नाव तर दुहेरी आहे. आयर्लंडच्या पश्चिम भागात या नावाचा प्रदेश खरोखरच आहे, आणि त्याच वेळी ते वादकाच्या पत्नीचेही नाव आहे. माणूस आणि मुलूख येथे एकाच शब्दात सामावले आहेत.

या स्थळनामांचा क्रमही उद्बोधक आहे. आरंभी गंगा, जयपूर अशी नावे आहेत. परदेशी श्रोत्यास ती भारताची म्हणून ताबडतोब ओळखू यावीत अशी आहेत. नंतर गोवा येते. त्यानंतर मुंबई येते, पण मुंबई हे शहर म्हणून नव्हे, तर मुंबईतील एक रस्ता म्हणून. शेवटी कोंकण येते. लंडनच्या श्रोत्यास या नावाने काही बोध होण्याचा संभव फार थोडा होता. म्हणजे जसजशी वर्षे गेली तसतशी नावे ऐकणाऱ्याच्या सोयीची न राहता घेणाऱ्याच्या स्मरणाची होत गेली. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाच्या बोलण्यातही हेच घडते. प्रथम तो आपला देश सांगतो, मग प्रांत सांगतो, आणि उतारवयात गल्लीचे नाव घेऊ लागतो. ‘कोंकण’ हे नाव राजकीय नकाशावर कोणत्याही एका राज्याचे नाही. ते गोव्याचेही आहे आणि मुंबईचेही, रत्नागिरीचेही आणि जव्हारच्या कोकणांचेही. मुंबईत जन्मून गोमंतकीय म्हणविणाऱ्या माणसाच्या दोन्ही घरांवर छाया धरील असा हाच एक शब्द होता.

परंतु ज्या ध्वनिमुद्रणास हे नाव होते, ते त्या काळी प्रसिद्धच झाले नाही. १९७२ च्या सुमाराचे ते मुद्रण पडून राहिले. हॅरिएट १९७३ च्या जानेवारीत निवर्तले. ब्रिटनमधील जॅझचा तो बहराचा काळही ओसरत गेला. डिसिल्वा यांनी पुढील आयुष्यात लंडनमध्ये संगीत शिकविण्याचे काम केले आणि १९९६ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. ‘कोंकण डान्स’ प्रसिद्ध झाली ती २००६ मध्ये, म्हणजे वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी आणि मुद्रणानंतर तीन तपे उलटण्याच्या सुमारास. नंतरच्या काळात त्यांच्या जुन्या मुद्रिकाही पुन्हा निघाल्या आणि ब्रिटिश जॅझच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित झाले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. डिसिल्वा कोणाच्या इतिहासातले? ब्रिटिश इतिहासकार त्यांना आपल्या जॅझच्या कथेत घेतात, ते योग्यच आहे, कारण त्यांची महत्त्वाची मुद्रणे तेथे झाली. परंतु त्यांच्या रचनांची नावे वाचणारा मनुष्य वेगळा निष्कर्ष काढील. मुंबईतील पाश्चात्त्य संगीताचा इतिहास मराठीत लिहावयाचा झाल्यास त्यात त्यांचे प्रकरण असलेच पाहिजे. आपण संगीताचा इतिहास बहुधा घराण्यांच्या आणि नाट्यपदांच्या अंगाने लिहितो. त्या मांडणीत चर्चच्या शाळेत शिकलेला, हॉटेलात वाजविणारा वादक बसत नाही, म्हणून तो बाहेर राहतो. दोष मांडणीचा आहे, वादकाचा नव्हे.

आणि हीच गोष्ट वावरच्या परिसरासही लागू पडते. तारपा हे तेथील प्रमुख वाद्य होय. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण, एवढ्या सामग्रीतून ते सिद्ध होते. वादक श्वास न तोडता ते वाजवीत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात, त्याच्याकडे पाठ न करता. चाल बदलली की पावलेही बदलतात. येथेही शब्दांवाचून अर्थ पोहोचतो. भात घरी येते त्या दिवसांत तारपा वाजतो, आणि दिवाळीनंतर त्याच घरांतील माणसे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर कामास निघतात. गोव्यातील वादक ज्या कारणाने धोबीतलावास आला, त्याच कारणाने ही माणसे घाट उतरतात. भेद एवढाच की गोव्याच्या वादकास त्याचे वाद्य बरोबर नेऊन विकता आले, भट्टीवर जाणाऱ्यास ते घरी ठेवून जावे लागते.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्री पुरस्कारांत जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. वृद्ध वादकास त्याच्या नावानिशी आणि गावानिशी मान मिळाला. परंतु त्यांच्या आधीच्या किती पिढ्या केवळ ‘आदिवासी लोकवादक’ या सामान्यनामाखाली गडप झाल्या! भाषा सर्वेक्षणाने या भागातील शब्दांचे नमुने जतन केले, सुरांचे नव्हे. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत तारपा वाजविणारा मध्यभागी उभा दिसतो. म्हसे यांचे नाव जगाला ठाऊक झाले, पण चित्रातील तो वादक निनावीच असतो.

डिसिल्वा यांच्या चरित्रातून आपणांस घ्यावयाचा धडा हाच आहे. ज्या फितीवर कोंकणाचे नाव होते ती कोणीतरी जपून ठेवली होती, तिच्यावर वादकांची नावे होती आणि वर्ष होते. म्हणून मृत्यूनंतर दहा वर्षांनी तरी ती जगापुढे येऊ शकली. फीत नसती तर २००६ साली प्रसिद्ध करावयास काहीही नव्हते. जव्हार-मोखाड्यात बोलींचे नमुने गोळा करणाऱ्या आमच्यासारख्यांनी यापुढे केवळ शब्द टिपून थांबू नये. तारप्याची प्रत्येक चाल वादकाच्या नावासह, गावासह, तारखेसह नोंदवावी. आणि त्या चालीस वादक स्वतः कोणते नाव देतो ते त्याच्याच उच्चारात लिहून घ्यावे. ते नाव त्याचे स्वतःचे आहे, आणि त्याच्या पश्चात शब्द म्हणून पुष्कळदा तेवढेच उरणार आहे.